विकलं कुणी, रडलं कोण?

आमच्या विंगमध्ये दोन भांडणं वर्षानुवर्षं चालू आहेत. एक, गीझर चालू ठेवून कोण गेलं. दुसरं, स्टार वॉर्स. पहिल्या भांडणावर रेक्टर सरांनी नोटीस लावली तेव्हा ते जरा थंडावलं. दुसऱ्यावर नोटीस लावायची तर सरांना आधी नऊच्या नऊ पिक्चर बघावे लागतील, आणि ते काही शक्य दिसत नाही.

तर झालं काय, पीएल सुरू झाली. पीएलमध्ये अभ्यास सोडून बाकी सगळं सुचतं हे मी तुम्हाला सांगायला नको. आम्ही सात-आठ जणांनी ठरवलं की स्टार वॉर्स पहिल्यापासून, म्हणजे १९७७ पासून, ओळीने बघायचे. जुने तीन झाले. मधले तीन कसेबसे झाले. चौथ्या रात्री सातवा भाग लावला आणि माझा रूमी गादीवरून उठला. "हा डिस्नेचा. मी नाही बघणार. लुकासने विकलं तिथेच विषय संपला," असं म्हणून चपला घालून टपरीवर निघून गेला. रात्री दीड वाजता! टपरी बंद असते हे त्यालाही माहीत होतं.

आता गंमत बघा. हा विक्रीचा व्यवहार झाला २०१२ साली. तेव्हा हा पठ्ठ्या दुसरी-तिसरीत असेल. त्याने स्टार वॉर्सचं नावही ऐकलं नव्हतं. म्हणजे हा राग त्याचा नाहीच, उसना आहे. पण उसना असला तरी खोटा नाही. माणूस खरंच थंडीत बाहेर जाऊन उभा राहिला होता. म्हणून म्हटलं, या रागाचं एकदा पोस्टमॉर्टेम करूनच टाकू. नाहीतरी थर्मोडायनॅमिक्स काही होत नव्हतं.

३० ऑक्टोबर २०१२ रोजी डिस्नेने जाहीर केलं की लुकासफिल्म ही आख्खी कंपनी आपण ४०५ कोटी डॉलरला घेत आहोत. साधारण निम्मे पैसे रोख, निम्मे डिस्नेच्या शेअर्समध्ये. लुकासफिल्मचा शंभर टक्के मालक एकच माणूस, जॉर्ज लुकास. त्यामुळे एका सहीत काम झालं. त्याच दमात हेही सांगून टाकलं की सातवा भाग २०१५ मध्ये येणार, आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी एक.

झालं! जगभरच्या फॅन मंडळींनी डोक्याला हात लावला. डार्थ व्हेडरच्या काळ्या हेल्मेटला मिकी माउसचे कान चिकटवलेली चित्रं निघाली. राजकन्या लेया आता डिस्नेची प्रिन्सेस झाली म्हणून तिला सिंड्रेलाच्या शेजारी उभी करून झालं. विनोदच होते, पण त्यांच्या खाली भीती होती, की आता सगळं गोडगोड होणार आणि दर दिवाळीला फराळासारखा एक पिक्चर येणार.

पण सगळेच रडत नव्हते, हे आज फार कमी जण कबूल करतात. १९९९, २००२ आणि २००५ च्या तीन पिक्चरनी लोक इतके वैतागले होते की लुकासच्या हातून हे एकदाचं सुटलं तर बरं, असं म्हणणारेही भरपूर होते. डिस्नेने २००६ मध्ये पिक्सार घेतलं होतं, २००९ मध्ये मार्व्हल घेण्याचं जाहीर केलं होतं, आणि दोन्हीचं वाटोळं झालेलं नव्हतं. उलट मार्व्हलचा 'ॲव्हेंजर्स' त्याच २०१२ च्या मे महिन्यात धुमाकूळ घालून गेला होता. डिस्नेलँडमध्ये 'स्टार टूर्स' नावाची राइड तर १९८७ पासून चालू होती. म्हणजे घरोबा पंचवीस वर्षांचा, फक्त लग्न उशिरा झालं.

आणि आपण इंजिनिअरिंगवाले, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पिक्सार ही मुळात लुकासफिल्मचाच कॉम्प्युटर विभाग. १९८६ साली लुकासने तो स्टीव्ह जॉब्सला विकला. संगणकावर चित्र काढण्याच्या इतिहासातली केवढी मोठी विक्री ती! तेव्हा मिकीचे कान कुणी काढले नाहीत. विकण्याचं दुःख नसतं राव, काय विकलं त्याचं असतं.

मग रूमीचा राग पूर्ण फालतू आहे का? नाही. इथे लुकासची गोष्ट थोडी मागे जाऊन सांगावी लागेल.

लुकासला खरं तर 'फ्लॅश गॉर्डन' करायचा होता. त्याचे हक्क मिळाले नाहीत. मग म्हणाला, आपण आपलंच काहीतरी उभं करू. त्यात अकिरा कुरोसावाचा १९५८ चा 'द हिडन फोर्ट्रेस' आला, वेस्टर्न पिक्चर आले, महायुद्धाच्या पिक्चरमधल्या विमानांच्या लढाया आल्या. फॉक्स स्टुडिओशी करार करताना त्याने फी वाढवून मागण्याऐवजी पुढच्या भागांचे आणि खेळणी, टी-शर्ट वगैरे मालाचे हक्क मागितले. फॉक्सला वाटलं, त्यात काय ठेवलंय, घे. २५ मे १९७७ ला पिक्चर चाळीसपेक्षाही कमी थिएटरांत लागला आणि पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. खेळण्यांची मागणी इतकी, की त्या वर्षीच्या नाताळात केनर कंपनीकडे द्यायला बाहुल्याच तयार नव्हत्या. त्यांनी चक्क रिकामं पाकीट विकलं, आत एक सर्टिफिकेट, की बाहुल्या नंतर पोस्टाने येतील! लोकांनी तेही घेतलं.

त्या पैशांच्या बळावर लुकासने दुसरा भाग स्टुडिओच्या पैशाने नाही, स्वतःच्या पैशाने आणि बँकेचं कर्ज काढून केला. कुठल्या साहेबाने कात्री लावू नये म्हणून. हॉलिवूडपासून लांब, आपली वेगळी चूल मांडली. स्टुडिओवाल्यांशी आयुष्यभर फटकून राहिलेला हा माणूस, आणि शेवटी त्याने सही केली ती जगातल्या सगळ्यात मोठ्या स्टुडिओंपैकी एकाच्या कागदावर. खरं दुखणं हे आहे. गावातल्या ज्या एका माणसाने बिल्डरला जमीन दिली नाही म्हणून आपण त्याचं कौतुक करत होतो, त्यानेच एक दिवस सातबारा त्याच्या हातात ठेवावा, तसं काहीतरी.

हा राग मला कळतो. पण "लुकासच्या हातात होतं तेव्हा सुरक्षित होतं" असं रूमी म्हणतो ना, तिथे माझं त्याच्याशी पटत नाही. कारण स्टार वॉर्सला सगळ्यात जास्त हात कुणी लावला असेल तर तो लुकासनेच.

१९९७ मध्ये त्याने जुने तीन पिक्चर 'स्पेशल एडिशन' म्हणून पुन्हा आणले. कॉम्प्युटरने नवीन प्राणी घातले, गर्दी घातली. इथवर ठीक. पण पहिल्या भागात दारूच्या गुत्त्यात हॅन सोलो टेबलाखालून ग्रीडोला उडवतो, तिथे त्याने बदल करून ग्रीडोलाच आधी गोळी झाडायला लावली. म्हणजे आमचा हॅन जरा सज्जन दिसावा! 'हॅन शॉट फर्स्ट' हे वाक्य तेव्हापासून लोक छातीवर छापून हिंडतायत. २००४ च्या डीव्हीडीत सहाव्या भागाच्या शेवटी म्हाताऱ्या अनाकिनच्या जागी तरुण नट आणून बसवला. २०११ च्या ब्ल्यू-रेमध्ये व्हेडर जिथे गप्प राहून निर्णय घेतो तिथे त्याच्या तोंडी आरडाओरडा घातला. बरं, बदल करा, पण जुनं राहू द्या की शेजारी! तेही नाही. मूळ प्रती २००६ मध्ये एकदा डीव्हीडीवर दिल्या, त्यासुद्धा जुन्या लेसर डिस्कवरून उतरवलेल्या, 'बोनस' म्हणून. जर्नल रीचेक करताना मूळ रीडिंग खोडून टाकू नये, त्यावर एक रेघ मारावी, हे आम्हाला फर्स्ट इयरला शिकवतात. या माणसाने पानच फाडलं.

कळस म्हणजे १९८८ साली हाच लुकास अमेरिकेच्या काँग्रेससमोर साक्ष द्यायला गेला होता. त्या वेळी जुने कृष्णधवल चित्रपट रंगवून विकायची टूम निघाली होती, आणि मालक झाला म्हणून कुणी कलाकृतीत फेरफार करू नयेत, असं त्याने तिथे ठासून सांगितलं होतं. मालक स्वतः कलाकार असेल तर काय करायचं, हे कुणी त्याला तेव्हा विचारलं नसावं.

म्हणजे "विकलं म्हणून बिघडलं" हे काही खरं नाही. बिघडवायचं काम आधीच जोरात चालू होतं.

आता जरा अवघड भाग. तो लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

२०१२ च्या सुरुवातीला, म्हणजे विक्रीच्या काही महिने आधी, लुकासने एका मुलाखतीत बोलून दाखवलं होतं की लोक सतत ओरडणार असतील, मला वाईट माणूस ठरवणार असतील, तर मी आणखी पिक्चर का करू? विक्रीमागे वय होतं, निवृत्ती होती, कंपनीतल्या माणसांचं पुढे काय हा विचार होता, हे सगळं खरं. पण ही ओरडही होती. लुकासने आपल्याला सोडलं असं आपण म्हणतो. त्याआधी दहा-बारा वर्षं आपण त्याला काय काय बोललो होतो?

आणि लुकासचं जाऊ द्या, त्याच्याकडे ४०५ कोटी डॉलर आहेत. अहमद बेस्टकडे नव्हते. १९९९ च्या पिक्चरमध्ये जार जार बिंक्स हे लांब कानांचं, धडपडणारं पात्र आहे ना, ते याने केलं. पंचविशीतला पोरगा. एक मुख्य पात्र पूर्णपणे कॉम्प्युटरवर उभं करण्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी तो एक. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला गॉलम त्यानंतर तीन वर्षांनी आला. आपल्या प्रोजेक्टच्या भाषेत सांगायचं तर प्रोटोटाइप. आणि लोक त्या प्रोटोटाइपवर असे तुटून पडले की पात्राला शिव्या कुठे संपतात आणि माणसाला कुठे सुरू होतात हेच कळेना. २०१८ मध्ये बेस्टने स्वतः सांगितलं की त्या काळात आपण जीव द्यायच्या विचारापर्यंत पोचलो होतो. सांगताना तो आपल्या लहान मुलाला घेऊन त्याच जागी गेला होता.

फर्स्ट इयरला असताना आमच्या फ्लोअरच्या फ्रेशर्स पार्टीत मी जार जारची नक्कल केली होती. जाम हशा. त्या नकलेवर वर्षभर लोक मला ओळखत. त्यानंतर कितीतरी महिन्यांनी मी बेस्टचं हे सगळं वाचलं. मी काही त्याला पत्र लिहून शिव्या दिल्या नव्हत्या हे खरं, पण तीच टिंगल मी वीस-बावीस वर्षांनी, सातासमुद्रापलीकडे, आयती उचलून चालवत होतो. रूमीचा राग उसना, तसं माझं हसू उसनं.

हाच प्रकार डिस्नेच्या काळात पुन्हा झाला. २०१७ च्या आठव्या भागात केली मेरी ट्रान ही व्हिएतनामी वंशाची नटी होती. तिला तिच्या दिसण्यावरून, वंशावरून इतकं छळलं की २०१८ मध्ये तिने आपल्या इन्स्टाग्रामवरचं सगळं काढून टाकलं. आणि कंपनीने काय केलं? २०१९ च्या नवव्या भागात तिचं पात्र इतकं कोपऱ्यात ढकललं की डोळ्यांत पाणी मारायला उठलात तर ते निघून जाईल.

माझा डिस्नेवरचा राग हा इथला आहे. लुकास कुणाचंच ऐकत नसे. कंपनी सगळ्यांचं ऐकते, आणि जो जास्त जोरात ओरडेल त्याचं आधी. दोन्ही वाईटच, पण पहिल्यात निदान एका माणसाचा हट्ट दिसतो. दुसऱ्यात फक्त घाबरट हिशेब.

बाकी हिशेबाचंही बघून घेऊ. २०१५ चा सातवा भाग २०० कोटी डॉलरच्या वर गेला. मग सपाटाच लावला: २०१५ ते २०१९ या पाच वर्षांत पाच पिक्चर. लुकास दोन भागांमध्ये तीन वर्षं घेत असे. २०१८ चा 'सोलो' तर आठव्या भागानंतर पाचच महिन्यांत आणला, तोही शूटिंग चालू असताना दिग्दर्शक काढून दुसरा आणून. आपटला. नवव्या भागाचाही दिग्दर्शक मध्येच बदलला. तीन भागांची एक गोष्ट सांगायची, आणि शेवट काय ते आधी ठरवायचंच नाही! ड्रॉइंग न काढता स्लॅब टाकला तर सिव्हिलचे सर काय करतात हे आपल्याला ठाऊक आहे. डिस्नेला कुणी केटी दिली नाही, एवढाच फरक. लुकासने विक्रीबरोबर पुढच्या भागांचे आराखडेही दिले होते, ते डिस्नेने विकत घेतले आणि वापरले नाहीत. हे डिस्नेच्या बॉब आयगरनेच २०१९ च्या आपल्या पुस्तकात लिहिलंय, आणि लुकासला त्याचं वाईट वाटलं हेही.

आणखी दोन जखमा. एप्रिल २०१३ मध्ये लुकासआर्ट्सचं गेम बनवण्याचं काम बंद केलं. '१३१३' नावाचा गेम अर्धवट मेला. गेमवाल्या मित्रांना विचारा, अजून उसासे टाकतात. आणि २५ एप्रिल २०१४ ला जाहीर झालं की आतापर्यंतच्या कादंबऱ्या, कॉमिक्स वगैरे यापुढे अधिकृत कथेचा भाग नाहीत, त्यांना 'लेजेंड्स' म्हणावं. टिमथी झानची १९९१ ची कादंबरी वाचून मोठे झालेल्या लोकांना एका सकाळी सांगितलं, ते झालंच नव्हतं! पुढे त्याच झानचा थ्रॉन हा खलनायक लोकप्रिय आहे म्हणून गुपचूप परत आणला, ते वेगळं.

पण मग 'अँडॉर'चं काय करायचं? २०२२ आणि २०२५ चे ते दोन सीझन मी जितक्यांना दाखवले त्यातल्या एकानेही नाक मुरडलं नाही. एक साधा चोर हळूहळू बंडखोर कसा होतो, आणि हुकूमशाहीत काम करणारे कारकून कसे असतात, हे इतकं नीट कुणी दाखवलं नव्हतं. तेही डिस्नेच्याच पैशाने. बंद पाडलेली 'क्लोन वॉर्स' ही मालिका लोकांनी मागे लागून २०२० मध्ये पूर्ण करून घेतली. आणि अहमद बेस्ट २०२३ मध्ये 'मँडलोरियन'मध्ये परत आला, यावेळी स्वतःच्या चेहऱ्याने, जेडाय म्हणून, त्या छोट्या ग्रोगूला वाचवायला. कॉमनरूममध्ये तो एपिसोड पुन्हा लावला होता तेव्हा मी एकटाच शिट्टी मारली. कुणाला का ते कळलं नाही.

रूमीचा शेवटचा मुद्दा असतो, "पण ते आपलं होतं ना!" यावर मी बराच विचार केला. आपल्याकडे कर्णाची गोष्ट कुणाच्या मालकीची नाही. 'मृत्युंजय' वाचून कर्ण आवडतो, 'युगान्त' वाचून मनात वेगळेच प्रश्न उभे राहतात, आणि दोन्ही पुस्तकं एकाच कपाटात सुखाने राहतात. त्यात खरा कर्ण कुठला, हे कुठलीही कंपनी पत्रक काढून सांगत नाही. स्टार वॉर्सवर लोकांनी जीव लावला तो असाच, जणू ते पुराण आहे. कागदावर मात्र ते मालमत्ता आहे, सातबाऱ्यासकट. १९७७ मध्येही होतं. लुकासने हक्क मागून घेतले म्हणून आपण टाळ्या वाजवल्या, त्याच हक्कांनी पुढे मूळ पिक्चर कपाटात बंद केला, आणि तेच हक्क शेवटी विकले गेले. आणि आता बघा, २०२७ मध्ये पहिल्या भागाला पन्नास वर्षं होतात त्या निमित्ताने १९७७ ची मूळ प्रत, दुरुस्त करून, थिएटरात परत आणायची घोषणा झाली आहे. हॅन पहिली गोळी मारणारी! जी गोष्ट निर्मात्याने हट्टाने दिली नाही ती व्यापारी देतोय. रूमीला हे सांगितलं तर तो म्हणाला, "पैशासाठी देतोय." अरे हो. मग?

जाता जाता एक किस्सा, कारण घरी सांगितला तेव्हा आईने माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं होतं. डिस्नेने २०१९ मध्ये फॉक्स घेतलं, त्यात स्टार इंडियाही आलं. २०२४ मध्ये ते रिलायन्सच्या कंपनीत विलीन होऊन डिस्नेचा वाटा कमी झाला, पण मधली पाच वर्षं स्टार प्रवाह आणि डार्थ व्हेडर यांचा मालक एकच होता. आई रोज संध्याकाळी न चुकता ज्या साम्राज्याच्या सेवेत बसत होती, त्याच्याविरुद्ध आमची विंग बंड करत होती. आणि लुकास? त्याला मिळालेल्या शेअर्समुळे तो डिस्नेच्या मोठ्या वैयक्तिक भागधारकांपैकी एक झाला, आणि २०२४ मध्ये कंपनीत सत्तेची मारामारी झाली तेव्हा त्याने जाहीरपणे आयगरची बाजू घेतली. आपण त्याच्या वतीने रडतोय, आणि तो तिकडे मतदान करतोय.

हा लेख संपादकांकडे द्यायच्या आधी रूमीला वाचायला दिला. त्याने दोन ठिकाणी पेनने खुणा केल्या, 'अँडॉर'च्या परिच्छेदावर काही बोलला नाही, आणि नवव्या भागाबद्दल मी फारच मवाळ लिहिलंय असं म्हणाला. ते मात्र मान्य.